पहिल्या घासाआधी

गालापागोसचं महाकाय कासव अंड्यातून बाहेर येतं तेव्हा तळहातावर मावतं. लांबी जेमतेम सहा सेंटिमीटर, वजन कोंबडीच्या अंड्याएवढं. जगलं-वाचलं तर हेच पिल्लू पुढे दोनशे किलोंच्या पलीकडे जाईल, शंभरी सहज ओलांडेल. पण आता त्याच्यापुढे कितीही कोवळा पाला ठेवा, ते तोंड उघडत नाही. मान आत ओढून, डोळे मिटून बसून राहतं. इवल्या जिवाला असं उपाशी पाहिलं की कुणाचाही हात चमच्याकडे जाईल.

सांता क्रूझ बेटावर, पुएर्तो आयोरा गावाच्या कडेला कासवांचं एक संवर्धन केंद्र आहे. तिथे या दिवसांत पिल्लापुढे पाला ठेवतच नाहीत. त्याला एका अंधाऱ्या पेटीत ठेवतात, दोन ते चार आठवडे. अन्न नाही, उजेड नाही, फारशी हाताळणीही नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे निष्ठुर वाटलं होतं. कारण कळलं तेव्हा मात्र या माणसांविषयी फार आदर वाटला.

पिल्लाच्या पोटाकडच्या कवचाच्या मधोमध, आपली बेंबी असते तशा जागी, अंड्यातल्या पिवळ्या बलकाची पिशवी जोडलेली असते. अंडं फुटलं तरी बलक संपलेला नसतो. तो हळूहळू आत शोषला जातो आणि तो पुरतो तोवर पिल्लाला बाहेरच्या घासाची गरज नसते. पिशवी बाहेर दिसत असेल तर ती ओढायची नाही, तिला माती लागू द्यायची नाही. ओलसर, स्वच्छ जागी पिल्लू निवांत ठेवायचं, बस्स.

अंधाराचंही असंच. मादी मागच्या पायांनी साधारण फूटभर खोल खड्डा खणते, त्यात टेनिसच्या चेंडूएवढी अंडी घालते आणि मुताने भिजवलेल्या चिखलाने तोंड लिंपून निघून जाते. तो चिखल वाळला की सारवलेल्या भुईसारखा टणक होतो. पिल्लं अंड्यातून निघाली तरी लगेच वर येत नाहीत. त्या काळोखात, बलकाच्या शिदोरीवर, वर खणत यायला त्यांना कधी कधी महिना लागतो. केंद्रातली पेटी म्हणजे हा मातीखालचा महिना.

आपल्या संतांनी कासवीचा दृष्टान्त फार प्रेमाने वापरला आहे. ती पिलांना पाजत नाही, भरवत नाही, नुसत्या नजरेने पोसते, असं म्हणतात. काही न खाता पिल्लं जगतात, हे कुणीतरी नीट पाहिलं असणार, त्याशिवाय हा दृष्टान्त सुचला नसता. प्रत्यक्षात कासवी वळूनही पाहत नाही. तिने द्यायचं ते अंड्यातच देऊन ठेवलेलं असतं. वेळासच्या किनाऱ्यावर कासवमित्र टोपली उचलतात आणि ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्राकडे धावत सुटतात, तीही याच शिदोरीवर.

अन्नावाचून तग धरण्याचा हाच गुण मोठ्या कासवांच्या जिवावर उठला. अन्नपाण्याशिवाय ती वर्षभर जिवंत राहतात, हे खलाशांना आणि व्हेलची शिकार करणाऱ्यांना कळलं, आणि ताज्या मांसाचा साठा म्हणून त्यांनी जहाजांच्या तळघरांत कासवं रचली. अशी लाखभराहून अधिक कासवं बेटांवरून गेली. जहाजांबरोबर उंदीर आणि बकऱ्या आल्या. पिन्सोन बेटावर काळ्या उंदरांनी शतकाहून अधिक काळ जवळपास एकही पिल्लू मोठं होऊ दिलं नाही. म्हातारी कासवं होती, अंडी होती, पिल्लंही निघत होती, पण टिकत नव्हती.

1959 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, 1964 मध्ये चार्ल्स डार्विन संशोधन केंद्र उघडलं आणि 1965 मध्ये पिन्सोनची अंडी उचलून सांता क्रूझला आणली गेली. 1970 मध्ये पहिली वीस पिल्लं मोठी होऊन घरी परतली. एस्पान्योला बेटाची स्थिती आणखी वाईट होती. तिथे चौदाच कासवं उरली होती, बारा माद्या आणि दोन नर. ती सगळी केंद्रात आणली. सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयातून दिएगो नावाचा तिसरा नर आला. पुढच्या दशकांत सुमारे दोन हजार पिल्लं त्या बेटावर गेली आणि जून 2020 मध्ये दिएगोसह पंधरा म्हातारी कासवंही मायदेशी सोडली.

कासवांच्या संवर्धन केंद्राला नाव आहे फाउस्तो येरेना यांचं. ते उद्यानाचे रक्षक. पिंता बेटावरच्या एकुलत्या एक उरलेल्या कासवाला, ‘लोनसम जॉर्ज’ला, त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळलं. जॉर्जसोबत ठेवलेल्या माद्यांनी 2008 मध्ये अंडी घातली, पण ती फळली नाहीत. 24 जून 2012 रोजी सकाळी जॉर्ज मेलेला आढळला तो येरेना यांनाच. ज्याने एका वंशाचा शेवट इतक्या जवळून पाहिला, त्याचं नाव पिल्लं वाढवणाऱ्या जागेला असावं, हे मला फार योग्य वाटतं.

अंडी गोळा करताना वरची बाजू खाली होऊ देत नाहीत, नाहीतर आतला गर्भ मरतो. उबवणी यंत्रात 28 अंश ठेवले तर बहुतेक नर निघतात, 29.5 ठेवले तर माद्या. दीड अंशात सगळं ठरतं. उजाड झालेल्या बेटाला माद्या जास्त हव्यात, म्हणून तापमानाकडे डोळ्यांत तेल घालून पाहावं लागतं.

मग पेटी उघडते. पिल्लांची वजनं होतात, पाठीवर आकडे रंगवले जातात आणि पहिला पाला समोर येतो. मोठ्या कासवांना तिथे ‘ओतोय’ आणि ‘पोरोतीयो’ घालतात. ओतोय आपल्या अळूच्या नात्यातला, पोरोतीयो आपल्या पांगाऱ्याचा भाऊबंद. कोकणातल्या परसात फिरणाऱ्याला ही ताटं परकी वाटायची नाहीत.

आता मात्र पिल्लू खात नसेल तर लक्ष द्यायला हवं. जमिनीवरची कासवं सांभाळणारे सगळे आधी ऊब आणि पाणी तपासतात, अन्नाकडे नंतर वळतात. अंग गार असलं तर पोट काम करत नाही आणि पोट चालत नसेल तर भूक कशी लागणार? उथळ ताटलीत कोमट पाणी, हनुवटीपर्यंतच, आणि त्यात पंधरा-वीस मिनिटं बसवलं की कित्येक पिल्लं मान लांब करून पाणी पितात आणि त्यानंतर पाल्याला तोंड लावतात. कोवळी पानं चुरून द्यावी, लाल-पिवळी फुलं वर ठेवावी, जागा मोकळी टाकू नये, लपायला आडोसा द्यावा. आणि रोज तराजू. वजन टिकून असेल तर थांबायचं, घसरत असेल तर पशुवैद्य. जबडा उघडून घास कोंबणं हा शेवटचा उपाय, तोही जाणत्या हातांनी करायचा. ते कोवळं हाड आहे, आणि घास श्वासनलिकेत गेला तर पिल्लू वाचत नाही.

हे वाचून कुणी बाजारातून चांदण्यांच्या नक्षीचं स्टार कासव आणू नये. भरभराट होते असं समजून काही जण ते घरात ठेवतात. वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे, आणि 2019 पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही सर्वांत कडक बंदी आहे. सापडलं तर वनखात्याला कळवावं.

केंद्रातली पिल्लं आधी उंदीर शिरू नयेत अशा झाकलेल्या कुंपणात वाढतात, मग लाव्हाच्या दगडांवर चालायला शिकतात. चार-पाच वर्षांत कवच वीसेक सेंटिमीटरचं झालं की उंदराचे दात त्यापुढे चालत नाहीत. निघण्याआधी त्यांना वेगळं ठेवतात, कारण पोटातली परकी बी त्यांच्या बेटावर जाता कामा नये. मग रक्षक ती पाठीवरच्या पिशव्यांत घेऊन धारदार दगडांतून चढतात आणि फड्या निवडुंगाच्या सावलीत सोडतात.

2012 मध्ये पिन्सोनवरचे उंदीर संपवले गेले. डिसेंबर 2014 मध्ये गणतीला गेलेल्या पथकाला झुडपांखाली बोटभर लांबीची पिल्लं दिसली. त्यांच्या पाठीवर आकडे नव्हते. ती कुठल्याही पेटीत बसली नव्हती.