निवडणे आणि निवाडा

१९९४ च्या एप्रिलमध्ये माझ्या वडिलांना न्यूमोनिया झाला. इस्पितळात ठेवल्याच्या दुसऱ्या रात्री डॉक्टर बाहेर आले, 'पेशंट क्रिटिकल आहे' एवढेच म्हणाले आणि पुढच्या खोलीत शिरले. आमच्या घरात त्या शब्दाला एकच अर्थ होता. मी तशीच कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेले आणि नागपूरला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची परीक्षा देणाऱ्या धाकट्या भावाला सांगितले, 'बाबा क्रिटिकल आहेत, निघ.' त्याचे दोन पेपर उरले होते. तो रात्रीच्या गाडीने निघाला. पेपर बुडाले, आणि ठरत आलेली नोकरीही हातची गेली.

बाबा मात्र वाचले. चौथ्या दिवशी ताप उतरला. सारा जन्म शाळेत इंग्रजी शिकवण्यात गेलेला माणूस. अंगात थोडे त्राण येताच त्यांनी माझीच उलटतपासणी घेतली. "क्रिटिकल म्हणजे संपले, असे तुला कोणी शिकवले?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. पुढे सवड मिळेल तसे मी शब्दकोश चाळत गेले.

हा शब्द इंग्रजीत आला तो मूळचा ग्रीक. त्याच्या मुळाशी 'क्रिनेइन' हे क्रियापद आहे. अर्थ, वेगळे करणे, निवडणे, आणि त्यावरून ठरवणे, निकाल देणे. मराठी माणसाला हे कळायला ग्रीक यावे लागत नाही. आपण सुपात तांदूळ निवडतो, आणि भांडण पंचांपुढे गेले की होतो तो निवाडा. दोन्ही शब्द एकाच घरातले. खडे वेचणारी आजी काय, न्यायाधीश काय, काम तेच.

'क्रायसिस' हाही याच मुळाचा. रोगी आता सुधारणार की खालावणार हे दुखण्याच्या ज्या वळणावर ठरते, त्याला ग्रीक वैद्य हे नाव देत. पेनिसिलिन येण्यापूर्वी न्यूमोनियाचा ताप बरेचदा आठवड्याच्या सुमारास एकाएकी उतरे. डॉक्टर त्यालाही 'क्रायसिस'च म्हणत. म्हणजे क्रिटिकल याचा अर्थ निकाल लागायचा आहे, लागला असे नव्हे. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भ्याची 'अप्सरा' अणुभट्टी क्रिटिकल झाली, तेव्हा तर ती आनंदाची बातमी होती! अणुविभाजनाची साखळी आपल्या बळावर चालू राहिली होती.

पण मला सर्वांत भावते ते पुण्यातले उदाहरण. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पुरी झाली. इंग्रजीत तिला 'क्रिटिकल एडिशन' म्हणतात. (वैद्य करतो ती चिकित्सा आणि पंडित करतो तीही चिकित्सा, हे आपल्या भाषेनेही किती नेमके हेरले आहे!) देशभरातली हस्तलिखिते गोळा करून एकेका श्लोकाचे पाठ ताडून पाहिले गेले आणि मागाहून शिरलेला वाटला तो भाग मुख्य संहितेतून बाजूला काढला. गणपती व्यासांचा लेखनिक झाला, ही आपली लाडकी कथादेखील त्यात गेली. मात्र काढलेले फेकून दिले नाही. ते तळटीपांत आणि परिशिष्टांत छापले, म्हणजे ज्याला निवाडा पटणार नाही त्याने स्वतः पडताळून पाहावे. नुसता दोष काढणारा एवढी तसदी घेत नाही.

आपल्या 'टीका' शब्दाची तर फारच घसरण झाली. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतेवर केली तीही टीकाच, अर्थ उलगडून दाखवणारी. आता टीकेची तेवढी झोड उठते. इंग्रजांचेही फारसे वेगळे नाही. शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'तला इयागो स्वतःला क्रिटिकल म्हणवतो ते खोड काढण्याच्या अर्थानेच, म्हणजे हे दुखणे चारशे वर्षांचे जुने. माझी लेक, तिच्या स्वयंपाकाबद्दल मी चकार शब्द काढला की म्हणते, "आई, तू फार क्रिटिकल आहेस." मी म्हणते, तेवढी असते तर भाजीतले मीठ जास्त झाले हे सांगताना फोडणी उत्तम जमली हेही निवडून सांगितले असते. ते राहूनच जाते.

बाबा २००५ मध्ये गेले. भावाने राहिलेले पेपर केव्हाच दिले होते, दुसरी नोकरीही धरली होती, आणि त्या रात्रीबद्दल तो मला कधी एका अक्षराने बोलला नव्हता. दिवस झाल्यावर माळ्यावरची पुस्तके आवरताना मीच विषय काढला. म्हटले, माझ्या एका शब्दापायी तुझे फार नुकसान झाले रे.

"ताई, तू नुसता ताप आहे म्हणाली असतीस तरी मी आलोच असतो," तो म्हणाला. मग पुस्तकावरची धूळ झटकत म्हणाला, "पण पेपर देऊन."