लुक्लाचा विमानतळ : चढावर उतरायचे, उतारावर उडायचे



विमानतळ म्हटला की डोळ्यांसमोर मैलभर सपाट रान येते. म्हणून तर कुठे विमानतळाची बातमी उठली की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. सपाट रान म्हणजे बहुधा कसदार रान. नेपाळात मात्र लुक्ला नावाचे एक गाव आहे. तिथे शेतकऱ्यांनी सपाट जमीन द्यायला नकार दिला आणि विमानतळ तरीही झाला. तो कसा झाला, कसा चालतो आणि त्याने त्या मुलखाचे बरे-वाईट काय केले, ते या अंकात आम्ही सांगत आहोत.

लुक्ला हे एव्हरेस्टच्या वाटेवरचे शेर्पा लोकांचे गाव. उंची २,८४५ मीटर, म्हणजे आपल्या कळसुबाईच्या पावणेदोन पट. पूर्वी काठमांडूकडून या भागात यायचे तर पायीच. १९५३ साली एव्हरेस्ट सर करणारी तुकडी निघाली तेव्हा साडेतीनशेच्या वर हमाल पाठीवर ओझी घेऊन दोन आठवड्यांहून अधिक चालत होते. मीठ म्हणा, पत्रा म्हणा, औषध म्हणा, सारे माणसाच्या नाहीतर जनावराच्या पाठीवरून यायचे.

त्या तुकडीतले एडमंड हिलरी आणि तेनसिंग नोर्गे २९ मे १९५३ रोजी शिखरावर पोचले. हिलरी मूळचे न्यूझीलंडचे, धंद्याने मधमाश्या पाळणारे. पुढे ते शेर्पांसाठी शाळा-दवाखाने बांधू लागले. १९६१ साली खुमजुंगला शाळा झाली. नंतर शेजारच्या खुंदे गावी दवाखाना काढायचे ठरले. एवढे सामान पाठीवरून किती दिवस न्यायचे? म्हणून १९६४ साली विमान उतरण्यापुरती पट्टी करायचा बेत झाला.

हिलरींच्या मनात आधी सपाट शेतजमीन होती. शेतकरी म्हणाले, ही नाही देणार. आणि का द्यावी? डोंगरात सपाट तुकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यावरच वर्षाचे पोट. तेव्हा लुक्ल्याची उताराची जमीन पाहिली आणि ती २,६५० डॉलरना विकत घेतली. त्या वेळच्या आपल्या दराने हे साडेबारा हजार रुपयांच्या आसपास होतात. झाडोरा काढला, दगड उचलले, पण माती भुसभुशीत राहिली. रोलर आणायचा कुठून? मग गावकऱ्यांना स्थानिक मद्य दिले आणि त्यांनी फेर धरून, पाय आपटून नाचत पट्टी दाबली, असे सांगतात. खळे करताना आपण जमीन चोपून घेतो, त्यातलाच हा प्रकार बघा.

आता खरी गंमत पुढे आहे. नाइलाजाने घेतलेला तो उतारच उपयोगी पडला. लुक्ल्याची धावपट्टी अवघी ५२७ मीटर लांब. क्षेत्र धरले तर चार एकरांच्या आत. मोठ्या जेट विमानांना दोन-अडीच किलोमीटर लागतात. त्यात या उंचीवर हवा समुद्रसपाटीपेक्षा जवळजवळ पाव हिश्श्याने विरळ. विरळ हवेत पंखांना उचल मिळायला जास्त वेग लागतो, आणि वेग जास्त म्हणजे पट्टीही जास्त लांब हवी. मग एवढ्याशा पट्टीवर भागते कसे? तर ती सपाट नाही म्हणून. दर शंभर फुटांना जवळजवळ बारा फूट चढ आहे. खालच्या टोकापेक्षा वरचे टोक साठ मीटरने उंच.

उसाची भरलेली गाडी चढाला लागली की आपोआप मंदावते आणि उताराला लागली की बैलांच्या मानेवर रेटा देते. नेमके हेच इथे होते. विमान खालच्या टोकाला टेकते, चढावर धावते आणि लवकर थांबते. उडताना वरून खाली धावते आणि थोडक्यात वेग घेते. म्हणून वारा कुठलाही असो, उतरायचे एकाच दिशेने आणि उडायचे दुसऱ्या.

पण याची किंमतही आहे. वरच्या टोकाला डोंगर, खालच्या टोकाला खोल दरी. उतरताना शेवटच्या टप्प्यात काही चुकले तर पुन्हा वर उठून फेरी मारायला जागा नाही. त्यामुळे इथे लहान विमानेच येतात, तीही डोळ्यांना पट्टी दिसत असेल तरच. ऊन तापले की दरीतून वारा चढतो, ढग येतात. म्हणून बहुतेक फेऱ्या सकाळच्या. पावसाळ्यात तर प्रवासी दिवसेंदिवस अडकून पडतात. ८ ऑक्टोबर २००८ रोजी उतरताना एक विमान ढगात सापडले. १९ पैकी १८ माणसे गेली. १४ एप्रिल २०१९ रोजी उड्डाणाच्या वेळी एक विमान पट्टी सोडून उभ्या हेलिकॉप्टरांवर आदळले, तिघे दगावले. डोंगर सवलत देतो तशी वसुलीही करतो.

आता नफा-तोट्याचा हिशेब. खुंद्याचा दवाखाना १९६६ साली उभा राहिला. काठमांडूहून लुक्ला अर्ध्या तासावर आले. पट्टी केली दवाखान्याच्या सामानासाठी, पण त्याच वाटेने पर्यटक आले. शेर्पांच्या हाती रोजगार आला, पैसा आला; लुक्ल्यात खाणावळी, मुक्कामाची घरे उभी राहिली. दुसरीकडे सरपणासाठी जंगलावर भार पडला; १९७६ साली त्या भागात सगरमाथा राष्ट्रीय उद्यान करावे लागले. आणि जिरीहून लुक्ल्याला येणाऱ्या जुन्या पायवाटेवरची गावे? पांथस्थ विमानाने डोक्यावरून जाऊ लागला, तशी त्यांची मुक्कामाची कमाई आटली. २००१ साली धावपट्टी पक्की झाली आणि २००८ साली विमानतळाला तेनसिंग आणि हिलरी यांचे नाव देण्यात आले.

सभासद बंधूंनो, लुक्ल्याचा उतार आपल्याकडे जसाच्या तसा लागू होणार नाही. पण रस्ता असो, धरण असो की विमानतळ, जमीन मागायला कोणी आले तर तीन गोष्टी आधी विचाराव्यात, असे आम्हाला वाटते. याहून हलकी जमीन चालेल का? ज्याची जमीन जाणार त्याला पुढे त्या कामातून काय मिळणार? आणि नव्या वाटेने कोणत्या गावाचा बाजार बसणार? लुक्ल्याच्या शेतकऱ्यांनी पहिला प्रश्न वेळेवर विचारला. त्यामुळे त्यांची सपाट शेते धावपट्टीखाली गेली नाहीत आणि दवाखान्याचे सामानही पोचले. जिरीच्या वाटेवरच्या गावांसाठी तिसरा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही.