बीज नाही, शुक्राणू नाही, गर्भाशयही नाही. मग प्रयोगशाळेत वाढतंय ते काय?

‘आता आईची गरज नाही, शास्त्रज्ञांनी मशीनमध्ये बाळ बनवलं’ असे रील्स आणि फॉरवर्ड अधूनमधून फिरतात. सोबत काचेच्या फुग्यात झोपलेल्या बाळाचं चित्र असतं. ते चित्र कॉम्प्युटरवर बनवलेलं असतं. असं बाळ जगात कुठेही नाही.

पण मेसेजमागे एक खरी गोष्ट आहे, आणि ती त्या चित्रापेक्षा जास्त कामाची आहे. शास्त्रज्ञ स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी एकत्र आणून मानवी भ्रूणाच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांसारखी दिसणारी, वागणारी रचना तयार करतायत. तिला भ्रूणाचं मॉडेल म्हणतात. आकार इतका लहान की पाहायला सूक्ष्मदर्शक लागतो.

हा खटाटोप कशासाठी?

कारण गर्भधारणेतले सगळ्यात नाजूक दिवस कुणालाच दिसत नाहीत.

उमरीतल्या एखाद्या बाईचा हिशोब मांडून बघू. २८ दिवसांचं चक्र धरलं, तर बीज फळतं ते साधारण मधल्या काळात. पाच-सहा दिवसांत त्याचा पेशींचा पोकळ गोळा होतो. सहाव्या-सातव्या दिवशी तो गर्भाशयाच्या अस्तरात रुजायला लागतो. आणि ज्या तारखेला तिची पाळी यायची असते, साधारण त्याच तारखेला भ्रूण १४ दिवसांचा झालेला असतो. म्हणजे आशाताईंकडून ‘निश्चय’ किट आणून दोन रेघा बघेपर्यंत आत बरंच काही घडून गेलेलं असतं. पुढे नांदेडला जाऊन सोनोग्राफी केली, तरी गर्भाची पिशवी दिसते साधारण पाचव्या आठवड्यात आणि ठोके त्यानंतर. (डॉक्टर हे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात.)

अनेक गर्भ याच न दिसणाऱ्या काळात टिकत नाहीत. कित्येकदा ‘या वेळी पाळी थोडी उशिरा आली’ एवढंच बाईच्या लक्षात येतं. आणि दिवस राहिल्याचं कळून मग गर्भ गेला, तर घरात चौकशी सुरू होते: पपई खाल्ली का, हंडा उचलला का, गाडीवरून कशाला गेलीस? प्रत्यक्षात पहिल्या तीन महिन्यांतल्या गर्भपातांपैकी सुमारे निम्म्यांत गुणसूत्रांची संख्याच चुकलेली असते. त्यात बाईचा काही दोष नसतो. उरलेल्या अनेक गर्भपातांचं नेमकं कारण सांगता येत नाही, कारण तो काळ पाहण्याची सोयच नव्हती.

आधी मग कसं कळायचं?

फार तुटपुंजं. १९३० ते ५० च्या दशकांत अमेरिकेत बोस्टनला हर्टिग आणि रॉक या डॉक्टरांनी गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया होणाऱ्या बायकांच्या गर्भाशयांतून सुरुवातीचे ३४ भ्रूण शोधले. पुस्तकांतल्या आकृत्या बऱ्याच अंशी अशा नमुन्यांवरून आल्या आहेत. आजच्या नियमांत असा अभ्यास मंजूर होणं कठीण.

टेस्ट ट्यूब बेबीच्या तंत्राने पहिली खिडकी उघडली. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून या तंत्राने झालेल्या बाळाचा जन्म झाला. परळमधली आयसीएमआरची प्रजनन संशोधन संस्था या कामात सोबत होती. पण या तंत्रात भ्रूण बाहेर राहतो तो पाच-सहा दिवस. मग तो गर्भाशयात सोडतात किंवा गोठवतात. २०१६ मध्ये इंग्लंड-अमेरिकेतल्या दोन गटांनी मानवी भ्रूण तेराव्या दिवसापर्यंत बशीत वाढवून दाखवला आणि तिथेच थांबवला. का थांबवला, ते पुढे येईल.

पेशी कुठून येतात?

भ्रूणाच्या त्या पोकळ गोळ्यात आत पेशींचा एक पुंजका असतो. त्यातली पेशी शरीरातली कुठलीही पेशी होऊ शकते. १९९८ मध्ये अमेरिकेत जेम्स थॉमसन यांनी अशा मानवी पेशी पहिल्यांदा वेगळ्या काढून वाढवल्या. आपल्याकडेही हे काम झालं आहे. परळच्या त्याच संस्थेत डॉ. दीपा भारतीय यांच्या गटाने अशा पेशींचे दोन वाण तयार केले, ‘काइंड-१’ आणि ‘काइंड-२’. त्याचा शोधनिबंध २००९ मध्ये आला आणि त्याच्या लेखकांत डॉ. हिंदुजाही होत्या. उपचारातून उरलेले भ्रूण इथे कामी आले.

आता तर भ्रूणही लागत नाही. जपानच्या शिन्या यामानाका यांनी त्वचेच्या साध्या पेशीला ‘मागे’ नेऊन मूळ पेशीसारखं बनवायची रीत शोधली आणि २०१२ चं नोबेल मिळवलं.

मार्च २०२१ मध्ये अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या गटांनी अशा पेशींपासून पाच-सहा दिवसांच्या भ्रूणासारखे गोळे बनवले. त्यांना ब्लास्टॉइड म्हणतात. सप्टेंबर २०२३ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या जेकब हॅना यांच्या गटाने १४ दिवसांच्या भ्रूणाशी जुळणारं मॉडेल प्रसिद्ध केलं. त्यात पुढे बाळ ज्यातून घडतं त्या पेशी होत्या, वार ज्यातून बनते त्या होत्या, भोवतालच्या पिशव्याही होत्या. त्यातून निघालेल्या हार्मोनने प्रेग्नन्सी टेस्टसुद्धा पॉझिटिव्ह आली! आता ताळ्यावर येऊ: १०० गोळे केले तर जेमतेम एक नीट जमत होता.

उंदरांवर हे कळलं नसतं का?

काही कळतं, सगळं नाही. या टप्प्यावर उंदराचा भ्रूण पेल्यासारखा असतो, माणसाचा चपट्या चकतीसारखा. फरक किती महागात पडतो, हे थॅलिडोमाइडने दाखवलं. १९५० च्या दशकाच्या शेवटी आलेलं हे औषध गरोदर बायका मळमळीवर घेत. जगभरात दहा हजारांहून जास्त मुलं हातापायांचं व्यंग घेऊन जन्मली. उंदराच्या पिल्लांमध्ये मात्र या औषधाने ते व्यंग येत नाही.

मॉडेलवर औषध तपासता येतं. गर्भ रुजतो कसा, हेही पाहता येतं. व्हिएन्नातल्या निकोला रिव्हरॉन यांच्या गटाने ब्लास्टॉइड गर्भाशयाच्या अस्तराच्या पेशींवर ठेवले, तेव्हा हार्मोन दिलेल्या अस्तरालाच ते चिकटले, हार्मोन न दिलेल्याला नाही. दोन-तीनदा आयव्हीएफ फसलेल्या जोडप्याला ‘का?’चं उत्तर इथून मिळू शकेल. अजून मिळालेलं नाही, आणि या मॉडेलवरून निघालेला उपचार कुणी आजच विकत असेल तर लांब राहा. (‘स्टेम सेल थेरपी’च्या जाहिराती हा वेगळाच विषय. रक्ताच्या काही ठरावीक आजारांत मूळ पेशींचं प्रत्यारोपण सोडलं, तर चाचणीबाहेर असा उपचार करायला आयसीएमआरच्या नियमावलीत मनाई आहे.)

एक गोष्ट मात्र आजच वापरण्यासारखी आहे. मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून बनतात, ती २८व्या दिवसापर्यंत मिटते. तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. म्हणून फॉलिक अ‍ॅसिडची गोळी दिवस राहायच्या आधीपासून घ्यायची असते. तिसऱ्या महिन्यात सुरू केली तर त्या नळीपुरता उशीर झालेला असतो.

मग याला भ्रूण म्हणायचं की नाही?

खरा वाद इथे आहे. १४व्या दिवसाच्या आसपास पेशींच्या चकतीवर एक बारीक रेघ उमटते. तिच्यावरून डोकं कुठे, पाठ कुठे हे ठरू लागतं, आणि त्यानंतर एकाचे दोन होऊन जुळी होणं जवळपास थांबतं. म्हणून १९८४ मध्ये ब्रिटनच्या वॉरनॉक समितीने १४ दिवसांची मर्यादा सुचवली. भारतातही २०१७ च्या नियमावलीनुसार मानवी भ्रूण १४ दिवसांपलीकडे किंवा ती रेघ उमटल्यानंतर वाढवता येत नाही. २०१६ चा प्रयोग तेराव्या दिवशी याच मर्यादेमुळे थांबला.

मॉडेल बीज फळून बनलेलं नाही, म्हणून ही मर्यादा त्याला जशीच्या तशी लावायची का, यावर एकमत नाही. २०२३ मध्ये चीनमध्ये माकडाच्या पेशींपासून केलेले ब्लास्टॉइड आठ माकडिणींच्या गर्भाशयात सोडले. तिघींमध्ये गर्भधारणेची सुरुवातीची लक्षणं दिसली आणि थोड्याच दिवसांत ती मावळली. मूळ पेशी संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने मानवी मॉडेल कुठल्याही गर्भाशयात, अगदी जनावराच्याही, सोडायला मनाई केली आहे. २०२५ मध्ये, बाहेरच वाढवून जगू शकेल इथपर्यंत न्यायलाही. माझ्या मते हे नियम योग्य आहेत, पण संघटनेचा नियम म्हणजे कायदा नव्हे.

दुसरा प्रश्न परवानगीचा. संशोधनासाठी त्वचेचा तुकडा देणाऱ्याला त्यातून भ्रूणासारखं काही बनेल याची कल्पना असते का? ती स्पष्ट द्यायला हवी. आयव्हीएफ करणाऱ्यांसाठी २०२१ चा कायदा आहे: गोठवलेले भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षं ठेवता येतात, मग ते नष्ट होऊ द्यायचे किंवा जोडप्याच्या संमतीने नोंदणीकृत संस्थेला संशोधनासाठी द्यायचे. सेंटरमध्ये कागदांची चवड पुढे येते तेव्हा संशोधनाची संमती त्यात आहे का, कशासाठी आहे, हे सही करण्याआधी विचारा. नाही म्हणायचा हक्कही तुमचाच आहे.