सी भाषेतील सरणी आणि दर्शक

संगणकाची स्मृती म्हणजे क्रमांक दिलेल्या घरांची एक लांब ओळ होय. घराचा क्रमांक हीदेखील संख्याच असल्यामुळे तो दुसऱ्या घरात साठविता येतो. असा क्रमांक धारण करणाऱ्या चलास पॉइंटर किंवा दर्शक म्हणतात. एकाच प्रकारच्या मूल्यांसाठी सलग राखलेल्या घरांच्या समूहास ॲरे किंवा सरणी म्हणतात. या दोन कल्पना वस्तुतः भिन्न आहेत. तथापि सी भाषेत त्या एकच असल्याचा भास होतो. त्याचे मूळ तिच्या इतिहासात सापडते.

सीची पूर्वज जी बी भाषा, ती केन टॉमसन यांनी मार्टिन रिचर्ड्स यांच्या बीसीपीएलवरून (१९६७) सिद्ध केली. तीत सरणीचे नाव म्हणजे पहिल्या घराचा पत्ता बाळगणारे एक स्वतंत्र घरच असे. बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी सीची रचना करताना ही व्यवस्था अडचणीची ठरली. युनिक्समधील निर्देशिकेच्या नोंदीत एक क्रमांक आणि त्यास लागूनच चौदा अक्षरांचे नाव असे. तेथे मध्ये पत्त्याचे घर ठेवण्यास जागाच नव्हती. म्हणून रिची यांनी ते घर काढून टाकले आणि असा नियम केला की, सरणीचे नाव पदावलीत आले म्हणजे त्याचे पहिल्या घटकाच्या पत्त्यात रूपांतर व्हावे.

व्याकरणाच्या अभ्यासकास ही स्थिती अपरिचित वाटू नये. लोकव्यवहारात शब्द वस्तूचा बोध करून देतो, तर पाणिनीच्या शास्त्रात तो सामान्यतः स्वतःच्या रूपाचा. अर्थनिर्णय संदर्भाधीन असतो. सीमध्येही तसेच घडते. चार बाइटांच्या दहा पूर्णांकांच्या सरणीस 'साइझऑफ' लावल्यास उत्तर चाळीस येते. तीच सरणी एखाद्या फलनाकडे सोपविली, तर तेथे केवळ पत्ता पोहोचतो आणि चौसष्ट बिटांच्या यंत्रावर उत्तर बहुधा आठ येते. म्हणजे सरणीची लांबी वाटेतच गळून पडते.

या लोपाचे परिणाम केवळ तात्त्विक नाहीत. २ नोव्हेंबर १९८८ रोजी इंटरनेटवर पसरलेल्या मॉरिस वर्मने ज्या वाटांनी यंत्रांत प्रवेश केला, त्यांपैकी एक हीच होती. 'फिंगर' सेवेतील ५१२ बाइटांच्या सरणीत 'गेट्स' हे फलन मर्यादा न पाहता मजकूर भरीत असे. अधिक मजकूर धाडून शेजारची घरे पुसून टाकता आली. 'गेट्स'ला तिची लांबी ठाऊकच नव्हती. सीच्या २०११ च्या प्रमाणकातून ते वगळण्यात आले.

इतर भाषांनी निराळे मार्ग पत्करले. पास्कलमध्ये (१९७०) लांबी हा सरणीच्या प्रकाराचाच अंश आहे; जावा (१९९५) प्रत्येक उपयोगाच्या वेळी मर्यादा तपासते; रस्टमधील 'स्लाइस' पत्ता आणि लांबी ही जोडी एकत्र वाहून नेते. सारांश, पत्ता वस्तूचे स्थान सांगतो, विस्तार सांगत नाही. तो विस्तार कोणी लक्षात ठेवावयाचा, भाषेने की प्रोग्राम लिहिणाऱ्याने, हाच या सर्व रचनांमागील मूळ प्रश्न होय.