वस्तीवरील कुत्र्याचें अवास्तव भुंकणें

मळ्यांत वस्ती करून राहणाऱ्या शेतकऱ्यास कुत्र्यावांचून चालत नाहीं. करवीर, हातकणंगले, शिरोळ या तालुक्यांत नदीच्या पाण्यावर ऊस वाढला, गांवाबाहेर वस्त्या झाल्या, आणि वस्ती तेथें कुत्रा हें ठरूनच गेलें. चोर, रानडुक्कर किंवा उसांत दडणारा बिबट्या यांची पहिली वर्दी तोच देतो. परंतु जो कुत्रा दिवसरात्र भुंकतो त्याच्याकडे घरचीं माणसें लक्ष देईनाशीं होतात, आणि मग खऱ्या संकटाची वर्दीहि वायां जाते. शिवाय शेजाऱ्यांची झोप मोडते, भांडणें जुंपतात, व एखादा संतापलेला मनुष्य भाकरींतून विष घालतो. प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यान्वयें हा गुन्हा आहे. पण मेलेला कुत्रा कायद्यानें परत येत नाहीं.

कुत्रा उगाच भुंकतो असें आपण म्हणतों, तें बरोबर नाहीं. वस्तीपुढील पाणंदीनें एक वाटसरू जातो. कुत्रा भुंकतो, वाटसरू आपल्या वाटेनें पुढें निघून जातो. तो जाणारच होता. परंतु कुत्र्याच्या समजुतीप्रमाणें आपण त्यास हुसकावून लावलें! दिवसांतून वीस वेळां असा विजय मिळाल्यावर संवय जडली नाहीं तरच नवल. त्यांत ज्या आठवड्यांत शेतीपंपांस रात्रीची वीज असते, त्या आठवड्यांत पाणी पाजणारीं माणसें बॅटऱ्या घेऊन रात्रभर बांधांवरून हिंडतात. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला म्हणजे ऊसतोड्यांच्या टोळ्या, बैलगाड्या व गाणीं वाजवीत जाणारे ट्रॅक्टर यांची भर पडते. एका वस्तीवरील कुत्रा भुंकला कीं दुसऱ्या वस्तीवरचा ओ देतो, व सारें शिवार जागें होतें.

अशा वेळीं धनी अंथरुणांतूनच ओरडतो. कुत्र्यास वाटतें, धनीहि आपल्याबरोबर भुंकूं लागला. काठीनें मारल्यास तो भितो, आणि भ्यालेला कुत्रा अधिक भुंकतो व पुढें चावतोहि. तोंडास दोरी बांधून ठेवण्याची रीत तर आम्हांस सर्वथा त्याज्य वाटते. कुत्र्यास माणसासारखा अंगभर घाम येत नाहीं; तोंड उघडून धापा टाकल्यानेंच त्याच्या अंगांतील उष्णता बाहेर पडते. चैत्र-वैशाखांत तोंड आवळलेला कुत्रा मरूं शकतो.

पहिला उपाय बांधण्याच्या जागेचा. पुष्कळ ठिकाणीं कुत्रा रस्त्याच्या तोंडाशींच हातभर साखळीनें दिवसभर बांधलेला असतो. पळावयास नाहीं, हुंगावयास नाहीं. मग भुंकण्याखेरीज त्यानें करावें तरी काय? त्यास गोठ्याच्या आडोशाला, सावलींत, पाण्याजवळ व लांब दोरीनें बांधावें, आणि सकाळ-संध्याकाळ बांधावरून फिरवून आणावें. मुधोळचा कुत्रा, ज्यास आपल्याकडे कारवान म्हणतात व ज्याचें चित्र २००५ सालीं टपालाच्या तिकिटावर निघालें, तो पाळणाऱ्यांनीं तर हें विशेष ध्यानांत धरावें. ती धांवण्याची जात आहे. नुसत्या ऐटीसाठीं तो आणून खुंट्याला बांधूं नये. बिबट्याचा वावर असेल तेथें मात्र रात्रीं कुत्रा उघड्यावर बांधूं नये; बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्यास आयती शिकार. त्यास बंदिस्त खोलींत किंवा भक्कम जाळीच्या खुराड्यांत ठेवावें.

दुसरा उपाय शिकविण्याचा. कुत्रा दोन-तीन वेळां भुंकला कीं उठून जवळ जावें, कशामुळें भुंकतो तें पहावें, व हळू पण ठाम आवाजांत ‘गप’ म्हणावें. तो श्वास घेण्यास थांबला कीं त्याच क्षणीं भाकरीचा तुकडा द्यावा. भुंकत असतां तुकडा टाकूं नये, नाहींतर भुंकण्याचीच मजुरी दिल्यासारखें होईल. पुढें गप्प राहण्याचा काळ थोडा थोडा वाढवीत न्यावा. शब्द घरांतील सर्वांनीं एकच वापरावा. दूधवाला, शेजारचा गडी, पाणी सोडणारा मनुष्य, असे जे नित्य येणारे, त्यांच्याच हातून कांहीं दिवस तुकडा देववावा. नुसतें खाण्यासाठीं किंवा सोडण्यासाठीं भुंकणाऱ्याकडे मात्र पाहूंच नये. प्रथम कांहीं दिवस तो अधिकच ओरडेल. तेथें धीर सोडून तुकडा टाकला तर फार ओरडल्यावर मिळतें एवढेंच तो शिकेल. भुंकणें अजिबात बंद करणें हा हेतु नव्हे. तसला कुत्रा वस्तीवर काय कामाचा?

म्हातारा कुत्रा दृष्टि किंवा कान मंदावल्यानें भुंकतो. कानांतील गोचीड, जखम, दातांचें दुखणें यांनींहि कुत्रा बेचैन होतो. हें पशुवैद्यास दाखवावें.

परंतु कुत्र्याचा आवाजच पालटला, घोगरा किंवा कण्हल्यासारखा झाला, लाळ गळूं लागली व पाणी गिळवेना, तर तें पिसाळल्याचें लक्षण असूं शकतें. अशा वेळीं घशांत हाडूक अडकलें असें समजून कित्येक जण त्याच्या तोंडांत हात घालतात. असें कदापि करूं नये. पिसाळी एकदां अंगांत प्रकट झाल्यावर मनुष्य जवळजवळ कधींच वांचत नाहीं. कुत्रा चावल्यास अथवा जखमेस लाळ लागल्यास ती जागा साबण व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी, हळद-चुना लावूं नये, आणि त्याच दिवशीं सरकारी दवाखान्यांत जाऊन लस टोंचून घ्यावी. कुत्र्याचें काय होतें हें पाहत थांबूं नये. पिल्लास तीन महिन्यांचें होतांच प्रतिबंधक लस द्यावी, पुढची मात्रा पशुवैद्य सांगेल तेव्हां, व नंतर दरवर्षीं. लस दिल्याची तारीख जनावरांच्या वहींत टिपून ठेवावी.