वेढ्यांची शाळा

हस्तोद्योगातून शिक्षण व्हावे, हा नई तालीमचा विचार गांधीजींनी ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत देशापुढे मांडला. त्याच विचाराला धरून वर्धा जिल्ह्यातल्या शाळांच्या कार्यशाळांत आज टेस्ला कॉइलला जागा मिळायला हवी, असे मला वाटते. मात्र ती विकत आणलेली नको; तिचे भाग मुलांनी साध्या हत्यारांनी घडवायला हवेत.

निकोला टेस्ला यांच्या १८९१ च्या या यंत्रात जाड तारेच्या मोजक्या वेढ्यांची एक कॉइल आणि बारीक तारेच्या शेकडो वेढ्यांची दुसरी कॉइल असते. दोन्हींची कंपने जुळली, की नेमक्या वेळी ढकललेल्या झोक्यासारखा विजेचा दाब चढत जातो. दुसऱ्या कॉइलसाठी ७५ मिलिमीटर व्यासाचा पीव्हीसी पाइप आणि रिवाइंडिंगच्या दुकानातली २८ गेजची इनॅमल तार पुरते. पाइपच्या दोन्ही तोंडांत लाकडी चकत्या ठोकायच्या, त्यांतून सळई घालायची, टोकाला हँडल लावायचे. झाले गुंडाळणीचे यंत्र. ४० सेंटीमीटर लांबी भरायला सुमारे साडेनऊशे वेढे आणि सव्वादोनशे मीटर तार लागते. ती बोटांतून एकसारख्या ताणाने सोडावी लागते. एखादा वेढा मागच्या वेढ्यांवर चढला, तर दाबात बरीच तफावत असलेल्या तारा एकमेकींना भिडतात आणि तिथेच इनॅमल फुटण्याची भीती असते. वेढे शेजारी-शेजारी का हवेत, हे असे हातालाच कळते. तयार किट स्वस्त मिळते हे खरे, पण त्यात नेमका हाच धडा गळून पडतो.

नई तालीमला उपयोगी वस्तू हवी होती, ठिणग्यांचा खेळ नव्हे, असा आक्षेप घेता येईल. पण कृषिपंपाची जळलेली मोटार पुन्हा भरताना हाच ताण, हीच मोजणी आणि हेच इन्सुलेशन सांभाळावे लागते. धोक्याचा आक्षेप अधिक गंभीर आहे. घरच्या विजेवर निऑन ट्रान्सफॉर्मर लावून चालवलेली कॉइल जीव घेऊ शकते. तिच्या कपॅसिटरमध्ये स्विच बंद केल्यावरही भार उरतो. म्हणून शाळेत तशी कॉइल नकोच. बॅटरी आणि एका ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या कॉइलजवळ लहान ट्यूब धरली, तर ती तारेविना मंद उजळते; तत्त्व समजायला एवढे पुरेसे आहे. शिकवायला गावातल्या रिवाइंडिंग कारागिराला मानधन देऊन बोलवावे. त्याच्या बोटांतले ज्ञान विज्ञानाच्या तासाला आले, तर शाळेइतकाच त्याच्या धंद्याचाही मान वाढेल.