विश्लेषण : जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकले, पण वायफायच दिसेना! दोष नेमका कुठे?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा थांबवला. अनेक जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. त्यामुळे उबंटू, मिंट अशा मोफत लिनक्स प्रणालींचा पर्याय पुढे येतो. लॅपटॉप भंगारात जाण्यापासून वाचतो, पण अनेकदा पहिल्याच दिवशी वायफायचे चिन्ह गायब असते. महाडीबीटीवरील शिष्यवृत्तीचा अर्ज असो की सातबारा उतारा, सारे काही ऑनलाइन असताना नेट नसलेला लॅपटॉप टाइपरायटरपुरताच उरतो. मंठा, जाफराबाद किंवा घनसावंगीहून दुरुस्तीसाठी जालना शहर गाठण्यापूर्वी घरीच काय तपासता येईल?

कार्ड खरेच खराब झालेले असते का?

बहुतेक वेळा नाही. विंडोजवर काल चालणारे कार्ड लिनक्स टाकताच जळत नाही. कार्ड चालवण्यासाठी दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे ड्रायव्हर, जो प्रणालीला कार्डाशी बोलायला शिकवतो. दुसरी फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या चिपमध्ये भरली जाणारी छोटी फाइल. लिनक्सच्या गाभ्यात बहुतांश ड्रायव्हर आधीच असतात, मात्र काही चिपचे ड्रायव्हर किंवा फर्मवेअर मुक्त परवान्याखाली नसल्याने ते सोबत येत नाहीत. ब्रॉडकॉमच्या काही जुन्या चिप यासाठी ओळखल्या जातात. डेबियनने तर अशी फर्मवेअर २०२३ मधील आवृत्ती १२ पासूनच आपल्या मुख्य इन्स्टॉलरमध्ये दिली.

सुरुवात कुठून करावी?

आधी बटण पाहावे. अनेक जुन्या लॅपटॉपच्या कडेला वायफायचे सरकते बटण असते, काहींत ‘एफएन’ कळीसोबत वरच्या ओळीतील कळ दाबावी लागते. टर्मिनल उघडून इंग्रजी छोट्या अक्षरांत आर-एफ-के-आय-एल-एल लिहून, जागा सोडून ‘लिस्ट’ टाइप केल्यास उत्तर मिळते. ‘हार्ड ब्लॉक्ड’पुढे ‘येस’ असेल तर बटण बंद आहे. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’पुढे ‘येस’ असेल तर कार्ड प्रणालीतून बंद केलेले आहे. ‘लिस्ट’ऐवजी ‘अनब्लॉक ऑल’ दिल्यास ते सुरू होते.

चिपचे नाव कसे कळते?

टर्मिनलमध्ये एल-एस-पी-सी-आय लिहून, जागा सोडून उणे चिन्ह आणि ‘के’ द्यावे. यादीत ‘नेटवर्क कंट्रोलर’ या ओळीत कंपनी आणि चिपचा क्रमांक दिसतो. त्याखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ नसेल, तर कार्ड जिवंत आहे, फक्त ड्रायव्हर जोडलेला नाही. ड्रायव्हर आहे पण वायफाय नाही, अशा वेळी फर्मवेअरची फाइल सापडत नसण्याची शक्यता असते. डी-एम-ई-एस-जी ही आज्ञा ‘सुडो’सह दिल्यावर येणाऱ्या नोंदींत तसा उल्लेख दिसतो. यादीत कार्डच नसेल, तरच ते सैल झाल्याचा किंवा बिघडल्याचा संशय घ्यावा.

ड्रायव्हर उतरवायला नेट हवे आणि नेटसाठी ड्रायव्हर हवा! मग मार्ग काय?

अँड्रॉइड फोन. तो डेटा केबलने लॅपटॉपला जोडून सेटिंगमधील ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करावे. लिनक्स फोनला तारेच्या जोडणीसारखे ओळखते, त्यामुळे वायफायचा ड्रायव्हर लागत नाही. केबल फक्त चार्जिंगची असेल तर हे जमत नाही. राउटर जवळ असेल तर लॅन केबलही चालते. नेट आले की उबंटूत ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स’ किंवा मिंटमध्ये ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडून सुचवलेला ड्रायव्हर निवडावा आणि लॅपटॉप पुन्हा सुरू करावा. तरीही तो चालू झाला नाही, तर बायोसमधील ‘सिक्युअर बूट’ने तो अडवलेला असू शकतो.

वायफाय आहे, पण हॉटस्पॉट दिसत नाही किंवा सतत तुटते. असे का?

अनेक जुनी कार्डे केवळ २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. फोनचा हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर असेल तर त्यांना तो दिसतच नाही. फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये बँड बदलला की काम होते. जोडणी वारंवार तुटत असेल तर वीजबचतीची सोय कारणीभूत असू शकते. उबंटू आणि मिंटमध्ये नेटवर्क मॅनेजरच्या सेटिंग फाइलमधील ‘वायफाय पॉवरसेव्ह’पुढील ३ चा आकडा २ केल्यास ती बंद होते.

खर्च कधी करावा?

यादीत कार्ड येतच नसेल, तर बॅटरी काढून, झाकण उघडून कार्ड नीट बसवून पाहता येते. त्याच्या बारीक अँटेना तारा ओढू नयेत. तरीही उपयोग झाला नाही तर काही शे रुपयांचा यूएसबी वायफाय डोंगल पुरतो. मात्र तो लिनक्सवर थेट चालतो का, हे घेण्यापूर्वी विचारावे.

लिनक्स अजून टाकलेच नसेल तर आणखी सोपे. पेनड्राइव्हवरून ते ‘लाइव्ह’ चालवून वायफाय आधीच तपासता येते, हार्ड डिस्कला हात लागत नाही. आणि दुकानात जावेच लागले, तर ‘वायफाय चालत नाही’ एवढेच न सांगता चिपचे नाव आणि ड्रायव्हरची ओळ लिहून न्यावी. चांगले कार्ड उगाच बदलण्याचा खर्च त्यामुळे टळू शकतो.